शेख सिस्टरांचं पूर्ण मिनिट

माघातल्या सकाळी वॉर्डाच्या पूर्वेकडच्या खिडक्यांतून ऊन आत यायला साडेसात वाजत, आणि त्या कोवळ्या, पुरत्या जाग्या न झालेल्या उजेडात सर्वांत आधी ऐकू येई तो दोन तळहात एकमेकांवर चोळल्याचा कोरडा, सळसळता आवाज. शेख सिस्टर पेशंटला स्पर्श करण्यापूर्वी आपले हात ऊबदार करून घेत. थंडीत करीत, हे समजण्यासारखं होतं. पण वैशाखात, पंखा गरम हवा नुसती इकडची तिकडे लोटत असे आणि आमच्या पाठीला युनिफॉर्म चिकटलेला असे, तेव्हाही त्या तसंच करीत. मी एकदा विचारलं, "अहो सिस्टर, आता कशाला?" तर म्हणाल्या, "हात माझा, अंग तिचं. उगीच दचकवायचं कशाला? दचकलेलं माणूस श्वास खरा घेत नाही." एवढं बोलून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

रुक्साना शेख हे त्यांचं पूर्ण नाव. ठेंगणी, सडसडीत मूर्ती. फिक्या निळ्या साडीवर पांढरा कोट. पन्नाशी उलटलेल्या चेहऱ्यावर निवळलेल्या पाण्यासारखं स्थिर तेज, आणि जिभेवर मात्र अस्सल पुणेरी धार. त्यांच्या घरात तीन पिढ्या पुस्तकबांधणीचा धंदा. लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून त्या छापील कागदांच्या घड्या घालीत, आणि एक घडी चुकली तर अख्खं पुस्तक वाकडं होतं, हे शाळेत जाण्याआधीच आपल्याला कळलं होतं असं सांगत. त्यांच्या चालण्यात, बोलण्यात, गप्प बसण्यातही ती घडी घालण्याची सावकाश नेमकी लय होती. घाईत त्यांना मी कधी पाहिलं नाही, आणि आमच्या धंद्यात ही फार मोठी गोष्ट आहे.

खोटं कशाला सांगू, त्या आमच्या वॉर्डात शिकवायला आल्या तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. मी विजया. बावीस वर्षं झाली होती मला नर्सिंगमध्ये; वारज्याहून रोज स्कूटर हाणत यायचं, सकाळचे सहा हे सहाच. आता या वयात मला कुणी पेशंट कसा बघायचा ते शिकवणार? पण कारण तसंच होतं. हमरस्त्यांवरचे, घाटांतले, बांधकामांवरून पडलेले, अंगातली चार-पाच हाडं एकदम मोडलेले पेशंट आमच्या इस्पितळात येत. त्यांचा ओघ वाढत गेला आणि आयसीयूतल्या खाटा पुरेनाशा झाल्या. तेव्हा ठरलं की जिवावरचा धोका टळला की असे पेशंट लवकर वॉर्डात हलवायचे, आणि वॉर्डातल्या नर्सना त्यासाठी तयार करायचं. ही कल्पना शेख सिस्टरांची. त्यासाठी त्या दोन वर्षं कमिट्यांपुढे भांडल्या होत्या.

मोठ्या सरांना, म्हणजे आमच्या मुख्य सर्जनना, हे मुळीच मान्य नव्हतं. आमच्यासमोरच ते म्हणाले, "तीन महिने बघतो. एक पेशंट जरी वॉर्डात बिघडला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर सगळे परत आयसीयूत, आणि हे शिकवणं बंद." शेख सिस्टरांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "चालेल सर. फक्त तीन महिने म्हणजे तीनच धरा, अडीच नको." त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने उरले होते.

पहिल्याच सकाळी त्यांनी वॉर्डातले सगळे चार्ट मागवून घेतले आणि टेबलाशी बसून एकेक पान उलटलं. ताप वेगवेगळे, नाडी वेगवेगळी, रक्तदाब वेगवेगळे. श्वासाच्या रकान्यात मात्र वीस. पलंग एक, वीस. पलंग दोन, वीस. सत्तरीच्या दमेकरी आजीबाई, वीस. अपेंडिक्सची शाळकरी मुलगी, तीही वीस. त्यांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. "वा! अख्खा वॉर्ड एका तालात श्वास घेतो. कवायत कोण घेतं हो यांची?" पोरी फिस्सकन हसल्या. माझे कान तापले, कारण त्यातले निम्मे आकडे माझ्या हातचे होते.

आता हे बाहेरच्या माणसाला विचित्र वाटेल, पण नर्सला विचारा, ती खाली मान घालेल. ताप थर्मामीटर सांगतो, दाब यंत्र सांगतं, ऑक्सिजन बोटावरची चिमटी सांगते; श्वास मात्र स्वतः उभं राहून, छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. तीस पेशंटांची तीस मिनिटं आणायची कुठून? म्हणून आमच्या सीनिअर वीस लिहीत, म्हणून आम्ही वीस लिहीत होतो, आणि विद्यार्थिनी आमच्याकडे बघून वीस लिहायला शिकत होत्या. कुणी कधी विचारलं नाही. अंगवळणी पडलेल्या खोटेपणाला खोटेपणा म्हणायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

माझे कान तापण्याचं आणखी एक कारण होतं, आणि ते मी कुणालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी पुरुषांच्या वॉर्डात होते. दिगंबर नावाचा गवंडी परांचीवरून पडून आला होता. बरगड्या मोडल्या होत्या, पण बोलत होता, हसत होता. चार वाजता त्याने माझ्याकडून अर्धा कप चहा मागून घेतला. दोन वाजता मी त्याच्या चार्टवर वीस लिहिलं, चार वाजता वीस लिहिलं. सात वाजता तो गेला. छातीत रक्त साचत गेलं होतं. चौकशी झाली, कागद तपासले गेले, आणि कागदावर सगळं ठीक होतं, म्हणून माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. त्यानंतर अपघाताचा पेशंट वॉर्डात आला की मी धास्तावून जाई, आणि आता असे पेशंट रोज येणार होते. दुसरा दिगंबर माझ्या हातून जाऊ नये, एवढंच मला हवं होतं. ते आपल्याला जमेल यावर मात्र माझा काडीचा विश्वास नव्हता.

शेख सिस्टरांचं शिकवणं फळ्यावरचं नव्हतं. फाल्गुनात बाहेरच्या सावरीला फुलं आली होती आणि वॉर्डाच्या भिंतीवर दुपारी तांबूस कवडसा हलायचा; त्या दिवसांत त्यांनी आम्हाला एकेक करून पलंगावर निजवलं, मानेला कॉलर घातली आणि सांगितलं, तासभर हलायचं नाही. मी छताकडे बघत पडून राहिले. नाकाला खाज सुटली, पाणी हवंसं वाटलं, आणि बाजूने कुणी बोलत गेलं तरी ते कोण हे कळेना. अर्ध्या तासात माझ्या डोळ्यांतून पाणी वाहून कानात गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या छातीभोवती ओढणी करकचून बांधली आणि जिना चढायला लावला. "बरगडी मोडलेलीला असं वाटतं. आता तिला म्हणून बघा, दीर्घ श्वास घे बाळ." जिन्यावर बसून आम्ही चौघीजणी धापा टाकत हसलो, आणि हसतानाच कळलं की हसायलाही श्वास पुरत नाही.

मणका दुखावलेल्या पेशंटला कुशीवर वळवायचं तर चार जणी लागतात, आणि हुकूम फक्त डोकं धरणारीचा. ती म्हणेल तेव्हाच, ती म्हणेल तितकंच. एकदा एक रेसिडेंट डॉक्टर मध्येच घाईने म्हणाला, "चला, वळवा." डोकं धरून वॉर्डातली सगळ्यात नवी पोरगी होती. शेख सिस्टर शांतपणे त्याला म्हणाल्या, "डॉक्टर, आत्ता मान तिच्या हातात आहे. आपण पाय धरा." त्याने निमूट पाय धरले. त्या पोरीची मान दोन इंच वर झालेली मी पाहिली.

आणि फोन! डॉक्टरला फोन लावला की आमचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: "सॉरी सर, डिस्टर्ब करतेय." शेख सिस्टर या वाक्याच्या हात धुऊन मागे लागल्या. "सॉरी कशाबद्दल? गाडी तुम्ही घातलीत का तिच्या अंगावर?" त्यांनी चार वाक्यं घोटून घेतली. मी कोण. मला काय दिसतंय. मला कशाची भीती वाटतेय. मला तुमच्याकडून काय हवंय. तिसऱ्या वाक्याशी आम्ही सगळ्याच अडखळायचो. मला भीती वाटते, असं डॉक्टरला सांगायचं? "मग कुणाला सांगणार? कँटीनवाल्याला?" त्या विचारीत.

चैत्रातल्या एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, मी त्यांना दिगंबरबद्दल सांगितलं. का सांगितलं माहीत नाही; त्यांच्या गप्प बसण्यात काहीतरी असं होतं की माणूस आपोआप उसवत जाई. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर समजूत काढतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी डब्याचं झाकण हातात घेतलं. मग म्हणाल्या, "मी अकरा वर्षं वीस लिहिलं, विजयाताई. तुम्हाला एकाचं नाव तरी ठाऊक आहे. माझे किती गेले, मला माहीतही नाही." त्यांचा आवाज एरवीसारखाच होता, पण डब्याचं झाकण लागता लागेना. मी ते लावून दिलं, आणि मला हमसून रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, आणि घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "दोन वाजले. चला, आपले पेशंट वाट बघतायत."

वैशाख अर्धा सरला तेव्हा प्रांजली वॉर्डात आली. पंचवीस वर्षांची, मूळची वाशीमकडची, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारी. वाघोलीजवळ नगर रस्त्यावर एका डंपरने तिच्या स्कूटीला उडवलं होतं. कंबरेचं हाड आणि डाव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडलेल्या. आठवडाभर आयसीयूत काढून ती आमच्याकडे आली होती. तीन महिन्यांतले शेवटचे दहा दिवस उरले होते. तिची आई गावाहून आलेली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत दिवसभर स्टुलावर बसलेली. त्या दुपारी चारच्या सुमारास मला म्हणाली, "पोरगी आता बरी दिसते ना वं ताई? दोन घास खाल्ले तिनं."

दिसत तर होती बरी. मोबाईल चाळत होती. मी हात चोळले, तिचं मनगट धरलं आणि नाडी बघत असल्याचा आव आणून नजर तिच्या छातीवर ठेवली. श्वास मोजतोय हे कळलं की माणसाचा श्वास बदलतो, म्हणून हे नाटक. दोन वाजता बावीस होता. आता अठ्ठावीस. मी पुन्हा मोजला. तीस. नाडी जराशी जलद, दाब ठीक, ऑक्सिजन शहाण्णव. "दुखतंय का गं जास्त?" "नाही सिस्टर, आय ॲम फाइन. थोडं पेन आहे, बस." पण हे वाक्य तिने दोनदा थांबून पुरं केलं.

रेसिडेंटला फोन लावला. चारही वाक्यं म्हटली, सॉरी न म्हणता. तो ऑपरेशनमध्ये अडकला होता. कुणीतरी त्याच्या कानाला फोन धरला असावा. "सिस्टर, सॅच्युरेशन नाईंटीसिक्स आहे ना? मग काय प्रॉब्लेम आहे? पेनकिलर द्या, केस संपली की येतो." फोन बंद. मी वळले तर दारात शेख सिस्टर उभ्या. जिवात जीव आला. मी धावत गेले. "सिस्टर, तुम्ही एकदा मोजा ना. माझी चूक होत असेल."

त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तिथेच बांधून घेतले. पश्चिमेचं ऊन त्यांच्या पाठीवर होतं, म्हणून चेहरा नीट दिसला नाही. "माझा हात कशाला? तुमचा आहे ना."

त्या क्षणी मला त्यांचा असा संताप आला म्हणून सांगू! दोन वर्षं भांडून उभं केलेलं काम पणाला लागलंय, एका पोरीचा जीव पणाला लागलाय, आणि ही बाई हात मागे बांधून उभी! मी तशीच वळले, तिसऱ्यांदा मोजला, बत्तीस भरला, आणि सरळ मोठ्या सरांना फोन लावला. बावीस वर्षांत मी त्यांना स्वतःहून कधी फोन केला नव्हता. "सर, मी सर्जिकल वॉर्डातून विजया. प्रांजलीचा श्वास दोन तासांत बावीसवरून बत्तीसवर गेलाय. मला भीती वाटतेय की तिच्या छातीत रक्त साचतंय. तुम्ही आत्ता या." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "मोजला?" "तीनदा मोजला, सर. पूर्ण मिनिट."

सर चार मिनिटांत आले. त्यांनी प्रांजलीचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वॉर्डात कुणीतरी ट्रॉली ढकलत होतं, ते थांबलं. आईने पदर तोंडाशी धरला. इतक्या वर्षांत मोठ्या सरांना श्वास मोजताना आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते मिनिट संपता संपेना. मग त्यांनी डाव्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, एकदा, दोनदा, आणि त्यांचा चेहरा बदलला. "नळीची तयारी करा. इथेच."

पडदे ओढले. माझे हात त्या दिवशी कसे चालले ते मला अजूनही कळत नाही. जे लागेल ते मागण्याआधी पुढे होत होतं. बरगड्यांमधून नळी छातीत गेली आणि बाटलीत काळपट रक्त भराभर उतरू लागलं. बाटली निम्म्याच्या वर गेली. पंधरा मिनिटांनी प्रांजलीने डोळे उघडले आणि एक वाक्य न थांबता म्हटलं, "सिस्टर, आता मला खरंच बरं वाटतंय." तिच्या आईने माझे दोन्ही हात धरले आणि कपाळाला लावले. मी ओढून घ्यायला पाहिजे होते, पण घेतले नाहीत. मला नाचावंसं वाटत होतं, ओरडावंसं वाटत होतं, दिगंबरच्या बायकोचं घर शोधून तिच्यापुढे बसावंसं वाटत होतं.

सर टेबलाशी आले, चार्ट उघडला. बावीस, अठ्ठावीस, तीस, बत्तीस. त्यांनी मागची पानंही चाळली. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघेल अशी कुणाची अपेक्षा नव्हती, आणि तो निघालाही नाही. पेनाला टोपण लावत ते शेख सिस्टरांना एवढंच म्हणाले, "आयसीयूत दोन पेशंट आहेत, सिस्टर. उद्या सकाळी इकडे पाठवतो." आणि निघून गेले. ते जिना उतरेपर्यंत आम्ही दम धरला. मग वॉर्डात जो काही गलका झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल. शेख सिस्टरांनी तो चार्ट हातात घेतला, शेवटच्या चारही आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "अक्षर सुधारा जरा. बत्तीस की पस्तीस कळत नाही." त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि मघाशी मनात शिव्या दिल्यात ना मला? ऐकू आल्या बरं."

पुढच्या महिन्यांत इस्पितळातल्या चार्टांचा नूर पालटला. श्वासाचा तो रांगेत उभा राहणारा, इस्त्री केलेला रकाना पार विस्कटला: सतरा, तेवीस, चौदा, एकोणीस, सव्वीस. मी कधीकधी काम संपल्यावर उगीच पानं उलटत बसे; इतके वेडेवाकडे, इतके जिवंत आकडे मी पूर्वी पाहिले नव्हते. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सनी स्वतःहून शिकायला वेळ मागितला, मग तिसऱ्या मजल्यावरच्या. प्रांजली पावसाळा अर्धा सरता सरता कुबड्या घेऊन, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालून दाखवून गेली. शेख सिस्टर निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्या तीन वाक्यं बोलल्या आणि त्यातलं एक समोशाबद्दल होतं. नंतर त्या मिरजेला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि तिथेच दोन वर्षांनी, फारसं कुणाला न कळवता, गेल्या.

परवाची गोष्ट. सोमवार सकाळ, अपघाताचे तीन पेशंट एकदम वर आलेले, दोघी जणी रजेवर, फोन किंचाळतोय. कोमल नावाची नवी मुलगी पलंग सहाशी मनगट धरून उभी होती, उभीच होती. माझा पारा चढला आणि माझ्याच तोंडून, याच तोंडून, शब्द गेले, "अगं, मागचाच आकडा टाक आणि चल पुढे!" जित्याची खोड म्हणतात ती अशी. तिने मान वर केली नाही. छातीवरची नजर न हलवता मोकळा हात माझ्याकडे आडवा धरला आणि म्हणाली, "वन मिनिट मॅडम, मोजतेय." ही पोरगी आमच्याकडे आली पाच महिन्यांपूर्वी. तिला शिकवलं तिसऱ्या मजल्यावरच्या कुणीतरी, आणि त्या कुणाला आणखी कुणीतरी. शेख सिस्टर असं कुणी होतं हेच तिच्या गावी नव्हतं. सांगावं, असं अगदी ओठांवर आलं. पण गेलेलं माणूस जिथे नावावाचून, चेहऱ्यावाचून, नुसतं दुसऱ्याच्या सवयीत शिरून काळाला पुरून उरलेलं असतं, तिथे त्याला हाक मारून मोजणाऱ्याचा आकडा चुकवायचा नसतो, म्हणून मी गप्प उभी राहिले.